चार ओळींचा कागद

मी एक कागद बोलतोय. कोरा नाही, छापील. आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. आकारानं शाळेच्या वहीच्या पानाएवढा. हदगावच्या एका रुग्णवाहिकेत, ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. गाडी खड्ड्यातून गेली की मी पत्र्यावर टपटप आपटतो. कुणी मला मुद्दाम बघायला येत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. माझ्याकडं बघायची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्यासमोर रस्त्यावर माणसं पडलेली असतात.

माझ्यावर चारच ओळी आहेत. त्या चार व्हायला एका माणसाचा जीव गेला आणि एका डॉक्टरीनबाईची झोप गेली. ते आधी सांगतो. ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण या गाडीत बसून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच वाटतं.

तेव्हा ही गाडी मुदखेडला उभी असायची. गाडीवर डॉक्टर होती अंबिका. उदगीरची मुलगी, सत्तावीस वर्षांची, आयुर्वेदाची पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली. गाडी चालवायचे मडिवाळप्पा. देगलूरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवरचं त्यांचं गाव. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण सातवी, आणि बोलण्यात मराठीबरोबर अधूनमधून कानडी. अंबिका त्यांना मामा म्हणायची, ते तिला मॅडम म्हणायचे. फार काळजी वाटली की मात्र त्यांच्या तोंडून 'अक्का' निघायचं.

त्या दिवसांत गाडीत एक फॉर्म असे. दोन्ही बाजूंनी छापलेला, एकतीस रकान्यांचा. जखमी माणूस डोळे किती उघडतो, त्याला गुण. किती स्पष्ट बोलतो, त्याला गुण. नाडी, श्वास, रक्तदाब, सगळ्यांना वेगवेगळे गुण, आणि खाली बेरीज. बेरीज बघून ठरवायचं, की कुणाला आधी उचलायचं आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं. फॉर्म हुशार माणसांनी केला होता. पण त्यांनी तो टेबलाशी बसून केला होता, आणि अंबिकाला तो डांबराच्या कडेला गुडघे टेकून भरायचा होता.

मुदखेडच्या रस्त्यावर दोन मोटारसायकली समोरासमोर धडकल्या. एकाचा पाय मोडला होता. तो इतका ओरडत होता की दोन शेतं पलीकडची माणसं धावत आली. दुसरा नालीतल्या गवतात आडवा होता, अगदी गप. तो घोरत होता.

"त्याचं काही न्हाई मॅडम," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "पिऊन पडलाय. झोपलाय बघा कसा."

अंबिकानं ओरडणाऱ्याचा फॉर्म भरला. मग गपवाल्याकडं वळली. ओठ हलतायत, म्हणजे बोलण्याला दोन गुण द्यायचे की तीन? तिची बेरीज दोनदा चुकली. तोवर लोकांनी ओरडणाऱ्याला उचलून गाडीत घातलंसुद्धा. दुसऱ्याला मागून एका जीपमध्ये बसवून आणलं. जीप नांदेडला पोचली तेव्हा तो गेला होता.

त्याचं नाव भागवत. खताच्या दुकानात कामाला होता. त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होती, "पिले म्हणतात हो लोक. त्यांनी तर चहासुद्धा सोडला होता."

त्यानंतर आठ दिवस अंबिकाचा डबा जसाच्या तसा परत जायचा. नवव्या दिवशी ती आपणहून नांदेडला, भागवतला ज्यांनी शेवटचं तपासलं त्या सर्जनबाईंकडं गेली. बुद्धप्रिया मॅडम त्यांचं नाव. बाई कमी बोलायच्या आणि खरं बोलायच्या.

"मॅडम, मी कुठं चुकले?" अंबिकानं विचारलं.

बुद्धप्रिया मॅडमनी फॉर्म मागितला. वाचला आणि बाजूला ठेवला.

"हे चूक नाहीये," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यावर एवढं होत नाही. तुमचा पेशंट माझ्याकडं आला की मी बेरीज नंतर बघते. आधी त्याच्या हातात माझा हात देते आणि म्हणते, दाबा. दाबला, तर त्याचा मेंदू माझं ऐकतोय. नाही दाबला, तर मी पळायला लागते. भागवतला तू हात दाबायला सांगितलं होतंस?"

अंबिकानं मान हलवली. नाही.

"मग पुढच्याला सांग. आणि आता जेव."

परत येताना गाडीतच अंबिकानं एका वहीत लिहायला घेतलं. पहिल्यांदा बारा ओळी झाल्या. चहाच्या टपरीवर तिनं त्या मडिवाळप्पांना वाचून दाखवल्या.

"मॅडम, म्या सातवी शिकलोय," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "माणूस मरून राहिला असताना मला सातवीतलंबी आठवत न्हाई. बारा कुठून आठवतील?"

तिनं आठ केल्या. त्यांनी ऐकल्या, चहा संपवला, पैलवानासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पाठ म्हणायला गेले. पाचवीला अडकले.

"कमी करा."

"मामा, यातलं एकेक महत्त्वाचं आहे हो."

"असंल. पर जे मला आठवंल तेच उपयोगाचं."

तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी चार ओळी उरल्या, आणि मडिवाळप्पांनी त्या गाडी चालवताना, हॉर्न वाजवताना, एका म्हशीला शिव्या घालताना न चुकता म्हणून दाखवल्या. त्याच वर्षी गाडी हदगावला हलली. तिथं शिवलिंगच्या झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला.

शिवलिंग हौशी माणूस. त्याला माझ्याभोवती फुलांची वेलबुट्टी काढायची होती आणि वर महादेवाची पिंड छापायची होती. "काहीच नको," अंबिका म्हणाली, "फक्त अक्षर मोठं कर. हात थरथरत असताना वाचता आलं पाहिजे." शिवलिंग थोडा हिरमुसला, पण अक्षर त्यानं झकास काढलं. मग मला प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत घालून तापलेल्या रुळांमधून ओढलं. चटका बसला खरा. बाहेर आलो तेव्हा चकचकीत आणि ताठ झालो होतो.

माझ्यावर लिहिलं होतं:

चालता येतंय? उठा, एका बाजूला जाऊन बसा.
श्वास घोरल्यासारखा, अडकल्यासारखा? जबडा वर उचला. याला आधी न्या.
रक्त वाहतंय? कापड ठेवून दाबा. सोडू नका.
"माझा हात दाबा" म्हणा. दाबत नाही? याला आधी न्या.

माझं सुख दोनच महिने टिकलं. एक साहेब गाडी तपासायला आले. त्यांनी मला बोटांच्या चिमटीत धरलं. "हे कुणी मंजूर केलं?" कुणीच केलं नव्हतं. "मग हे इथं कसं?" साहेब वाईट नव्हते, नियमाचे होते. मला खिळ्यावरून काढलं आणि ड्रायव्हरसमोरच्या खणात टाकलं. तिथं एक तेलकट फडकं, तंबाखूची पुडी, एक फुटका टॉर्च आणि मी. पावसाळा असाच अंधारात गेला. प्लॅस्टिकचा एक कोपरा सुटला आणि तिथून तंबाखूचा वास आत शिरला. मला वाटलं, संपलं आपलं. कागदाला रद्दीची भीती असतेच.

पण रोज सकाळी गाडी पुसताना मडिवाळप्पा काहीतरी पुटपुटायचे. मी कान देऊन ऐकलं. त्या माझ्याच चार ओळी होत्या.

मग सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आठ दिवस आधी, तो दिवस आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. हदगावच्या पलीकडं एका वळणावर पिकअप उलटल्याचा फोन आला. आम्ही धूळ उडवत पोचलो. गाडी कुशीवर पडलेली, दोन चाकं हवेत, रस्त्यावर लाडवांचे पिवळे डबे उघडे पडलेले. साखरपुड्याला निघालेलं घर होतं ते. एकूण नऊ माणसं.

साखरपुडा होता सृष्टीचा. एकोणीस वर्षांची पोर, हिरव्या साडीत. तिची नडगी मोडून हाड बाहेर आलं होतं आणि ती किंचाळत होती. तिची आजी केवळाबाई रस्त्यात बसली होती. तिला उठता येत नव्हतं, पण तोंड चालू होतं. ती देवाला, रस्त्याला आणि गाडीवाल्याला सारख्या शिव्या देत होती. सृष्टीचे वडील ग्यानोबा कपाळावरचं रक्त पुसत, या दोघींमध्ये वेड्यासारखे फिरत होते.

आणि पिकअपचा चालक, वैजनाथ, बांधाला डोकं टेकून पडला होता. अंगावर कुठं मोठी जखम नाही, फक्त एका कानातून रक्ताची बारीक रेघ. तो घोरत होता.

मी समोरच्या काचेतून बघत होतो, कारण उतरताना मडिवाळप्पांनी खण उघडून मला वर काढून ठेवलं होतं. मी पाहिलं, अंबिका एक क्षण थांबली. फक्त एक क्षण. मग तिचा आवाज मोठा झाला.

"ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या बाभळीखाली जाऊन बसा! सगळे!"

सहा जण उठले. त्यांतले पाच लंगडत, रडत, एकमेकांना धरत बाभळीखाली गेले. सहावे ग्यानोबा, ते लेकीपासून हलले नाहीत. आता तपासायचे तिघंच उरले. मला आठवतं, नऊचे तीन झाले तेव्हा अंबिकाचे खांदे जरा खाली आले.

ती सृष्टीपाशी बसली. "माझा हात दाब." सृष्टीनं इतका जोरात दाबला की अंबिकाच्या तोंडून 'आई गं' निघालं. जखमेवर कापड ठेवून तिनं ग्यानोबांचा हात ओढला आणि त्यावर दाबून ठेवला. "दाबून धरा. सोडायचं नाही." केवळाबाईनं हात दाबला आणि वर, "मेले तर तुला सोडणार न्हाई," असा दमही दिला.

मग वैजनाथ. त्याचं नाव बाभळीखालून कुणीतरी सांगितलं. अंबिकानं मान हलू न देता त्याचा जबडा वर उचलला. घोरणं थांबलं, श्वास मोकळा झाला.

"वैजनाथ, माझा हात दाब."

काही नाही.

"वैजनाथ! हात दाब!"

त्याचा हात तिच्या हातात तसाच पडून राहिला.

"मामा, स्ट्रेचर. हा आधी. सरळ नांदेड."

हे ऐकलं आणि ग्यानोबा उसळले. त्यांचा हात जखमेवर होता म्हणून उठता आलं नाही, नाहीतर ते अंगावर आले असते.

"डॉक्टरीनबाई! माझी पोरगी रक्तात पडली अन् तुम्ही त्या बेवड्याला उचलून राहिले? त्यानंच पाडली न गाडी! आज साखरपुडा होता तिचा!"

बाभळीखालून एकजण ओरडला, "बरोबर हाय! आधी पोरीला घ्या!"

"काका, मुलीसाठी दुसरी गाडी निघालीय, अर्ध्या तासात येईल. ती बोलतीये, ऐकतीये. तिचा पाय हदगावला बघता येईल. याचं डोकं तिथं बघता येणार नाही."

"मग दोघांना घ्या! वाटंत हदगावला थांबा!"

"थांबले तर हा जाईल. आणि याच्या जबड्यावरचा हात मला काढता येणार नाही. मुलीचं रक्त पुन्हा सुटलं तर वाटेत कोण दाबणार?"

ग्यानोबांना हे ऐकू जात नव्हतं. बापाला अशा वेळी ऐकू जात नाही, आणि त्याचा दोष कुणी कसा काढावा? माणसं उठून जवळ यायला लागली होती. स्ट्रेचर अडवलं गेलं असतं.

तेव्हा मडिवाळप्पा गाडीकडं धावले. त्यांनी मला उचललं आणि नेऊन ग्यानोबांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"वाचता येतंय?"

"ह्ये काय हाय?"

"वाचा. खालची ओळ."

ग्यानोबांनी वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर. मग मडिवाळप्पांनी सृष्टीच्या जखमेवर आपला हात ठेवला आणि ग्यानोबांचा हात सोडवला.

"जावा. तुम्हीच इचारा त्याला. त्यानं हात दाबला तर तुमच्या पोरीला आधी घालतो. इमानानं सांगतो."

ग्यानोबा तावातावानं गेले. वैजनाथशेजारी बसले, त्याचा हात मुठीत धरला.

"ए वैजनाथ. दाब हात. दाब, सोंग करू नको."

मग जरा हळू, "वैजनाथ?"

मग अगदी हळू, "अरे बाळा, दाब की रं."

जवळ आलेली माणसं मागं सरली. ग्यानोबांनी तो हात दोन्ही हातांत धरला, एकदा, दोनदा हलवला, आणि जपून खाली ठेवला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच होता.

"न्या याला," ते म्हणाले. "लवकर न्या." आणि स्ट्रेचरची एक बाजू त्यांनीच उचलली, दुसरी बाभळीखालच्या एकानं. मग परत येऊन त्यांनी मडिवाळप्पांच्या जागी लेकीच्या पायावर हात ठेवला, तो दुसरी गाडी येईपर्यंत काढला नाही.

"बेगा, बेगा, लवकर," मडिवाळप्पा स्वतःलाच म्हणत गाडी हाणत होते. मागं अंबिका वैजनाथचा जबडा धरून बसलेली. हदगाव आलं आणि गेलं. नांदेडच्या दारात बुद्धप्रिया मॅडम उभ्याच होत्या. अंबिकानं वाटेतून फोनवर त्यांना एवढंच कळवलं होतं: "हात दाबत नाही."

वैजनाथच्या कवटीत रक्त साकळलं होतं. ते काढलं. बुद्धप्रिया मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणखी अर्धा तास लागला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं." अंबिका तिथंच बाकावर बसली. मडिवाळप्पांनी तिला चहा आणून दिला. तिनं तो प्यायला, मग दुसरा मागितला, मग वडापाव मागितला.

सहाव्या दिवशी वैजनाथनं डोळे उघडले. अजून काही दिवसांनी बोलायला लागला.

सृष्टीच्या पायात सळई बसली. भूल उतरल्याबरोबर तिनंच बापाला सांगितलं, कारण ती पुढं चालकाशेजारी बसली होती, "बाबा, तो पिलेला नव्हता. रानातून रोही आला मधी पळत. त्यानं गाडी माझ्या बाजूनं न्हाई, त्याच्या बाजूनं पाडली." वैजनाथ बोलायला लागल्यावर ग्यानोबा नांदेडला त्याच्या खाटेपाशी गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्याचा डबा हदगावहून रोज एसटीनं यायचा, आणि तो ग्यानोबांच्या घरून यायचा, एवढं मडिवाळप्पांनी सांगितलं.

साखरपुडा माघात झाला. नवरी काठी टेकत पाटावर बसली. केवळाबाईला तोवर चालता यायला लागलं होतं, आणि तिनं अंबिकाला आग्रह करकरून चार लाडू खायला लावले.

ते नियमाचे साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी खणात हात घालून मला स्वतः बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि खिळ्याला लावलं. "वर मंजुरीला पाठवलंय," ते म्हणाले. "तोवर असू दे इथंच." मंजुरी अजून आली नाही. पण शिवलिंगच्या दुकानात माझी बरीच भावंडं जन्मली. ग्रामपंचायतीत, एसटी चालकांच्या खोलीत, दोन शाळांत. एकावर त्यानं हळूच वेलबुट्टी काढलीच.

आता माझं वय झालंय. प्लॅस्टिक पिवळं पडलंय, तिसऱ्या ओळीवर बोटांच्या डागांनी अक्षरं पुसट झालीत. उन्हाळ्यात मी वाकडा होतो. नवी प्रत आली की मला उतरवतील. उतरवू द्या.

मागच्याच आठवड्यातली गोष्ट. इस्लापूरच्या वाटेवर दोन ऑटो एकमेकांवर गेले. आम्ही पोचलो तर गोंधळ नव्हता. पाच-सहा माणसं एका ओट्यावर ओळीनं बसलेली. एका पोराच्या दंडावर त्याचा मोठा भाऊ गमछा दाबून बसलेला. आणि एक बाई, शेतातून तशीच आलेली, पदर खोचलेला, एका म्हाताऱ्याशेजारी गुडघे टेकून त्याचा जबडा उचलून धरत होती. अंबिका उतरायच्या आत तिनं हाक दिली.

"बाकीचे बरे हायत! ह्यो बाबा हात दाबून न्हाई राहिला. ह्याला आधी घ्या!"

तिच्या हातात माझ्यासारखा कुठलाच कागद नव्हता. बहुतेक तिला वाचताही येत नसावं. कुठल्याशा शाळेत, कुणा लेकराकडून तिनं ऐकलं असेल.

मी खिळ्यावर लटकलेला होतो आणि माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. म्हाताऱ्याला उचललं, दार लागलं, गाडी निघाली. तो बाबा आता घरी आहे.

म्हणून, माझं बोलणं संपवताना तुमच्याकडं एवढंच मागतो. या चार ओळी एकदा मोठ्यानं म्हणा. मग घरात कुणालातरी म्हणून दाखवा. त्यांना पाठ झाल्या की मला रद्दीत टाकलं तरी चालेल.